आव, रक्त आणि लेखी करार

शौचावाटे रक्त पडलं की आपल्याकडे निदान घरातच होऊन जातं. उष्णता झाली असेल, तिखट बंद कर, सब्जा घे, ताक पी. आठवड्याभरात थांबलं नाही तर मग मूळव्याध. त्यावर खात्रीशीर इलाज करणाऱ्यांच्या पाट्या तालुक्याच्या प्रत्येक गावात एसटी स्टँडच्या आसपास आणि विजेच्या खांबांवर लावलेल्या असतात, त्यामुळे पुढचा पत्ता कुणाला विचारावा लागत नाही. रक्ताबरोबर आव पडते आहे, दिवसातून आठ वेळा जावं लागतंय, रात्री झोपेतून उठून पळावं लागतंय, वजन उतरलंय, या सगळ्या गोष्टी एकत्र मांडून बघायला बरेच महिने जातात. मूळव्याध माणसाला रात्रीतून दोनदा झोपेतून उठवत नाही, एवढं एक वाक्य त्या पाट्यांवर कुणी लिहीत नाही.

शेवटी कुणीतरी कोलोनोस्कोपी सांगतं आणि रिपोर्टवर नवाच शब्द येतो: इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, सगळे म्हणतात तसं आयबीडी. आतड्यांचा दाह, आणि तोही कायमचा मुक्कामाला आलेला. याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दाह फक्त मोठ्या आतड्यात असतो, तोही आतल्या अस्तरापुरता. गुदाशयापासून सुरू होऊन तो सलग वर चढतो. कुणाचा वीतभर, कुणाचा पूर्ण मोठ्या आतड्याचा. क्रोन्समध्ये तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही असू शकतो, मधले निरोगी पट्टे सोडत जातो आणि आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरतो. म्हणून क्रोन्समध्ये आतडं जागोजागी आवळतं, कधी त्याला भोक पडतं, आणि गुदद्वाराशेजारी भगंदर होतं. भगंदराचं ऑपरेशन झालं, पुन्हा फुटलं, पुन्हा ऑपरेशन झालं, आणि मग कुणाला तरी लहान आतडं तपासावंसं वाटलं, ही कहाणी पोटाच्या डॉक्टरांना नवी नाही.

अल्सरेटिव्ह कोलायटिस हे नाव १८५९ मध्ये लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांच्या लेखनात आलं. दुसऱ्या आजाराचं नाव १९३२ मधल्या एका शोधनिबंधातून आलं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर हे त्याचे तीन लेखक. नावं आद्याक्षरांच्या क्रमानं छापली गेली आणि पहिलं नाव आजाराला चिकटलं. पुढची कित्येक दशकं हा गोऱ्यांचा, थंड देशांतला आजार मानला जाई. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघर जाऊन ५१,९१० लोकांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण लाखामागे ४४ निघालं. आपल्याकडे हा आजार होता. त्याला आव, मुरडा, संग्रहणी किंवा मूळव्याध म्हणून औषध दिलं जात होतं.

कारण एकच सांगता येत नाही. आनुवंशिक कल, आतड्यातल्या जंतूंचं बिघडलेलं गणित, बदललेलं खाणं आणि शहरी राहणी, या सगळ्यांत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. हा आजार संसर्गजन्य नाही. औषधांनी तो शांत होतो, पण मुळापासून जात नाही. शांत काळाला रेमिशन म्हणतात, उसळीला फ्लेअर. शिंझो आबे यांना कुमारवयापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. २००७ मध्ये त्यांनी जपानचं पंतप्रधानपद सोडलं त्यामागे या आजाराची उसळी होती. पुढे नव्या औषधानं आजार आटोक्यात आल्यावर २०१२ मध्ये ते परत आले आणि जवळजवळ आठ वर्षं सलग पंतप्रधान राहिले. ऑगस्ट २०२० मध्ये तोच आजार उलटला म्हणून पुन्हा पायउतार झाले. रेमिशन आणि फ्लेअर या दोन शब्दांत किती अंतर असतं, ते यावरून दिसतं.

आता गैरसोय अशी की फ्लेअर अपॉइंटमेंट घेऊन येत नाही. तीन महिन्यांनी ठरलेल्या फॉलो-अपच्या दिवशी पेशंट ठणठणीत असतो, डॉक्टर पोट दाबून बघतात, ‘चालू ठेवा’ म्हणतात, पाच मिनिटांत बाहेर. दिवाळीच्या सुट्टीत, लेकीच्या बारावीच्या परीक्षेत किंवा शुक्रवारी रात्री रक्त दिसतं तेव्हा मात्र दवाखाना बंद असतो, नाहीतर ओपीडीचा नंबर पंधरा दिवसांनंतरचा असतो.

याच अडचणीवर मँचेस्टर परिसरातल्या डॉक्टरांनी एक प्रयोग केला आणि तो २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २०३ रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाचं नेहमीसारखंच चालू राहिलं: ठरलेल्या तारखा, ठरलेली ओपीडी. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाबरोबर डॉक्टरांनी एकदा बसून बोलणं केलं. तुमचा मागचा फ्लेअर कसा सुरू झाला होता? पहिली खूण कोणती होती? कोणत्या औषधानं गुण आला होता? त्या उत्तरांवरून प्रत्येकासाठी वेगळी योजना कागदावर उतरवली. ती खूण दिसली की हे औषध या मात्रेत लगेच सुरू करायचं, आणि फॉलो-अपला गरज वाटेल तेव्हा यायचं. वर्षभरानंतर हिशेब केला. नेहमीच्या गटात फ्लेअर सुरू झाल्यापासून उपचार सुरू व्हायला सरासरी ४९.६ तास लागले होते. योजनावाल्या गटात १४.८ तास. रुग्णालयाच्या फेऱ्या नेहमीच्या गटात वर्षाला सरासरी २.९, तर योजनावाल्या गटात ०.९ झाल्या होत्या.

पुढे वायव्य इंग्लंडमधल्या १९ रुग्णालयांत ७०० रुग्णांवर हीच पद्धत तपासली. त्याचा निष्कर्ष २००४ मध्ये आला: फेऱ्या कमी झाल्या, फ्लेअर वाढले नाहीत. डेन्मार्कमध्ये इंटरनेटवरून असाच प्रयोग केला. तिथे योजना असलेल्यांचा फ्लेअर १८ दिवसांत आटोपत होता, बाकीच्यांचा ७७ दिवस रेंगाळत होता. ही दाहाची गोष्टच अशी आहे की जिथे पहिल्या दोन दिवसांत औषधाच्या एनिमानं भागतं, तिथे महिन्याभरानंतर स्टेरॉइड लागतं, आणि त्यानंतर सलाइन लावून भरती व्हावं लागतं.

हे वाचून कुणी म्हणेल, यात काय मोठंसं? आमच्याकडे लोक आधीपासूनच स्वतःचं स्वतः औषध घेतात. अगदी खरं. मेडिकलवाल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवायची, कधी तीही नाही, नुसतं पाकीट दाखवायचं आणि प्रेडनिसोलोनची पट्टी घेऊन यायची. या गोळीनं दोन दिवसांत रक्त थांबतं, भूक लागते, अंगात तरतरी येते. म्हणून ती पेशंटची लाडकी. मग बरं वाटलं की आपणच बंद करायची, रक्त दिसलं की आपणच सुरू करायची. वर्षभर हा खेळ चालला की चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि शरीरात स्टेरॉइड बनवणाऱ्या ग्रंथी इतक्या सुस्तावतात की गोळी एकदम सोडली तर रक्तदाब कोसळू शकतो. स्टेरॉइड हे फ्लेअर विझवायचं औषध आहे. रेमिशन टिकवण्याची ताकद त्याच्यात नाही, आणि ते ठरलेल्या आठवड्यांत उतरत्या मात्रेनं बंदच करायचं असतं.

तेव्हा आपल्याकडे वाण स्वतः औषध घेण्याची नाही. वाण आहे ती मँचेस्टरमध्ये त्या कागदाच्या आधी झालेल्या बोलण्याची आणि कागदाच्या खाली लिहिलेल्या फोन नंबरची. रुग्णानं काय करायचं याच्याइतकंच, तो अडला की कुणी उत्तर द्यायचं, हेही तिथे ठरलेलं होतं. दोन्ही बाजूंनी पाळायचा तो करार होता.

असा कागद जवळून कसा दिसतो ते पाहू. समजा डाव्या बाजूच्या मोठ्या आतड्यापुरता कोलायटिस असलेली, चाळिशीची एक शिक्षिका आहे. तिच्या कागदावर सर्वांत वर तिची चांगली स्थिती लिहिलेली असते: दिवसातून एक-दोनदा, बांधून, रक्त नाही, रात्री उठावं लागत नाही. ही ओळ महत्त्वाची, कारण प्रत्येकाचं ‘बरं’ वेगळं असतं. त्याखाली रोजची औषधं आणि मात्रा. त्याखाली तिची स्वतःची धोक्याची खूण. काहींना आधी आव दिसते, काहींना घाई लागते, काहींचे सांधे दुखू लागतात किंवा तोंड येतं. तिच्या बाबतीत, समजा, शौच घट्ट असतानाही वरून लागलेला रक्ताचा तार. तो लागोपाठ दोन दिवस दिसला तर रोजच्या औषधांतली मेसालामिनची, म्हणजे दाह शमवणारी, गोळी वाढवायची, किती ते लिहिलेलं, आणि रात्री एनिमा सुरू करायचा. शौचाचा नमुना लॅबमध्ये द्यायचा. क्लिनिकला मेसेज टाकायचा. दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर दाखवायला यायचं. स्टेरॉइड मनानं सुरू करायचं नाही, ही ओळ जाड अक्षरांत.

सर्वांत खाली लाल भाग. ऑक्सफर्डचे सिडनी ट्रुलव्ह आणि लेस्ली विट्स यांनी १९५५ मध्ये कोलायटिसवर कॉर्टिसोनची चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हा गंभीर फ्लेअर कशाला म्हणायचं याचे निकष घालून दिले. जगभरचे डॉक्टर आजही ते वापरतात. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि जोडीला नाडी ९०च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर, हिमोग्लोबिन १०.५च्या खाली किंवा रक्तातला ईएसआर ३०च्या वर, यांतलं काहीही एक. नाडी आणि ताप घरात मोजता येतात. हे निकष जुळले की कागद बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं. पोट फुगून कडक होणं, उलट्या, वारा सरेनासा होणं हेही त्यातच. आणि अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी अजिबात घ्यायची नाही. सुजलेलं मोठं आतडं त्यानं निपचित पडून फुगत जातं आणि जीवावर बेततं.

क्रोन्सच्या रुग्णाचा कागद वेगळा असतो आणि खरं सांगायचं तर तो लिहायला अवघड जातो. कोलायटिसमध्ये रक्त दिसतं, म्हणजे आजार स्वतःच निरोप धाडतो. क्रोन्समध्ये आतून दाह धुमसत असतानाही पोट गप्प राहू शकतं, आणि उलट, दाह पूर्ण शमलेला असतानाही नुसत्या संवेदनशील झालेल्या आतड्यामुळे कळा येत राहतात. लक्षणांवर विसंबून औषध वाढवलं तर चुकतं, आणि न वाढवलं तरी चुकतं. इथे उपयोगी पडते कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी. दाह असला की पांढऱ्या पेशी आतड्यात उतरतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात सापडतं. छोट्या डबीत नमुना दिला की काम झालं, नळी घालावी लागत नाही. ढोबळमानानं आकडा १५०च्या खाली असेल तर आतडं शांत, २५०च्या वर असेल तर दाह असण्याची शक्यता बरीच. अर्थात साध्या संसर्गानंही तो वाढतो, वेदनाशामक गोळ्यांनीही वाढतो, म्हणून एका आकड्यावर उडी मारायची नसते. आपला आकडा शांत काळात किती होता, ते वहीत लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ येतो.

भारतातल्या कागदावर दोन ओळी जास्तीच्या हव्यात, ज्या इंग्लंडच्या कागदावर नसल्या तरी चालतात. पहिली संसर्गाची. आपल्याकडे जुलाब म्हणजे फ्लेअरच असं नाही. पाणीपुरी असते, पावसाळ्यातलं पाणी असतं, अमीबा असतो. तेव्हा दाहावरचं जोरकस औषध वाढवण्याआधी शौचाची तपासणी. दुसरी ओळ क्षयाची. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोघेही लहान आतड्याच्या शेवटच्या वळणावर बसतात, दोघांचेही व्रण सारखे दिसतात, बायोप्सीतही चकवतात. त्यामुळे अनेक भारतीय रुग्णांना आधी टीबीची औषधं देऊन वाट पाहिली जाते, आणि उतार पडला नाही की क्रोन्स म्हणून उपचार सुरू होतात. पुढे इन्फ्लिक्सिमॅब किंवा अ‍ॅडालिम्युमॅबसारखी इंजेक्शनं लागली तर प्रश्न उलटा होतो. ती प्रतिकारशक्तीची अशी कडी काढून घेतात की वर्षानुवर्षं झोपलेला टीबी जागा होऊ शकतो. ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीच्या तपासण्या होतात, पण नंतरही महिनाभर रेंगाळणारा ताप, खोकला, गळ्यातली गाठ यांकडे ‘हवा बदललीय’ म्हणून बघायचं नाही. याखेरीज, प्रतिकारशक्ती दाबणारी अ‍ॅझाथायोप्रिनची गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्ततपासणी चुकवायची नाही. भारतीयांत बऱ्यापैकी आढळणाऱ्या एका जनुकीय बदलामुळे काहींच्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं उतरतात आणि केस मूठमूठ गळतात. त्याच कामाच्या टोफासिटिनिबच्या गोळ्यांवर असलेल्यांना नागीण उठण्याचा धोका जास्त असतो.

आजार सांभाळण्यातलं सर्वांत कंटाळवाणं काम मात्र वेगळंच आहे: बरं असताना गोळी घेणं. शिकागोत रेमिशनमधल्या ९९ कोलायटिस रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. २००३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात मेसालामिन नियमित घेणाऱ्यांपैकी ८९ टक्के लोक वर्षअखेर रेमिशनमध्येच होते, चालढकल करणाऱ्यांपैकी ३९ टक्के. गोळ्या चुकण्याची कारणं थोर नसतात. डबा शाळेत राहिला, श्रावणातला उपवास होता, महिनाअखेर होती, आता कशाला घ्यायची असं वाटलं. मेसालामिन दिवसातून तीनदा घेण्याऐवजी पूर्ण मात्रा एकदाच घेतली तरी तितकंच लागू पडतं, हे आता पक्कं माहीत आहे. तरी तीनदाची चिठ्ठी वर्षानुवर्षं तशीच चालू असते, कारण कुणी विचारलेलं नसतं.

एनिमाचं तर बोलायलाच नको. कोलायटिस खालच्या बाजूला असेल तर पोटातून घेतलेल्या गोळीला एनिमाची किंवा सपोझिटरीची जोड दिल्यानं गुण अधिक येतो. सांगितलं जातं, पेशंट मान डोलावतो, आणि घरी बाटल्यांचं खोकं कपाटाच्या वरच्या फळीवर जातं. खालून औषध घ्यायची लाज वाटते हे एक, आणि दोन खोल्यांच्या घरात ते घ्यायचं कुठे हे दुसरं. खरं तंत्र साधं आहे. झोपायच्या आधी शौचाला जाऊन यायचं. बाटली कोमट पाण्यात ठेवून गारवा घालवायचा, नीट हलवायची. डाव्या कुशीवर झोपायचं, उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा, टोकाला थोडं व्हॅसलीन. सावकाश दाबायचं, घाईनं दाबलं की कळ येऊन सगळं बाहेर. मग तासभर तसंच पडून राहायचं, रात्रभर राहिलं तर उत्तम. खाली जुना टॉवेल घालायचा, कारण डाग निघत नाहीत. पहिल्या दोन रात्री टिकत नाही, कारण सुजलेला गुदाशय काहीच धरून ठेवायला तयार नसतो. चौथ्या-पाचव्या रात्री तो निवतो आणि औषध राहायला लागतं. हे शेवटचं वाक्य कुणी आधी सांगितलं असेल तर माणूस टिकून राहतो, नाहीतर दुसऱ्याच दिवशी सोडून देतो. परदेशात हे सांगायला आयबीडीची खास नर्स असते. आपल्याकडे ते सांगायचं काम कुणाचंच नसतं.

खाण्याबद्दल मात्र सांगायला सगळे पुढे. गहू सोड, दूध सोड, डाळ सोड, कच्चं सोड, तेल सोड. शेवटी ताटात उरतो मऊ भात आणि मुगाचं पाणी, आणि पेशंटचं वजन चाळीस किलोवर येतं. सरसकट सगळ्यांना लागू पडेल असं एकही पथ्य सिद्ध झालेलं नाही. फ्लेअरमध्ये थोडे दिवस मऊ, कमी चोथ्याचं खावं, हे ठीक. जुलाब जास्त असतील तर जलसंजीवनी. पण फ्लेअर ओसरला की एकेक पदार्थ परत आणायचा, तीन-चार दिवसांच्या अंतरानं, आणि वहीत नोंद करायची. बऱ्याच जणांना दूध पचत नाही पण दही-ताक चालतं. क्रोन्समुळे आतडं आवळलेलं असेल तर तिथे खरंच जपायचं: मक्याचं कणीस, पेरूच्या बिया, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, ऊस, संत्र्याच्या फोडीची साल या गोष्टी त्या अरुंद जागी बोळा होऊन बसू शकतात. ज्याचं आतडं आवळलेलं नाही त्यानं भाज्या, फळं, भाकरी सोडण्याचं कारण नाही.

हळदीचं काय, हा प्रश्न येतोच. हळदीतल्या कर्क्युमिनवर इस्राएलमधल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मेसालामिनच्या जोडीला दिवसाला ३ ग्रॅम कर्क्युमिन दिल्यानं सौम्य ते मध्यम कोलायटिसमध्ये फायदा दिसला. दिल्लीतल्या एका चाचणीत ४५० मिलिग्रॅमनं काही फरक पडला नाही. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के, म्हणजे ३ ग्रॅमसाठी १०० ग्रॅम हळद. हळद घातलेल्या दुधाच्या कपाकडून किती अपेक्षा करायची ते ज्याचं त्यानं ठरवावं. ते पिऊ नये असं नाही. त्याच्या भरवशावर गोळ्या थांबवल्या की गाडी घसरते.

दोन गोष्टी मात्र निःशंक टाळाव्यात. एक, गुडघा दुखला, डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या. त्यांनी फ्लेअर उसळू शकतो, त्याऐवजी पॅरासिटामॉल. दुसरी, क्रोन्समध्ये सिगारेट आणि बिडी. तंबाखूचा धूर क्रोन्स बिघडवतो, ऑपरेशननंतर तो परत यायलाही मदत करतो. कोलायटिसमध्ये गंमत उलटी आहे, सिगारेट सोडल्यावर काहींचा आजार उसळतो. पण म्हणून कोणी शहाणा डॉक्टर सिगारेट लिहून देत नाही.

आणि संडास. आयबीडीच्या रुग्णाच्या डोक्यात सतत एक नकाशा चालू असतो: या रस्त्यावर कुठे आहे, उघडं आहे का, पाणी आहे का. मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो, एसटीत नसतो. कल्याणहून सीएसएमटीला जाणारा माणूस सकाळी काही न खाता निघतो, दोन स्टेशनं आधीच उतरून पळतो, आणि ऑफिसात ‘पोट जरा नाजूक आहे’ एवढंच सांगतो. ब्रिटनमधली क्रोन्स अँड कोलायटिस यूके ही संस्था सदस्यांना एक कार्ड देते, दुकानात ते दाखवलं की आतलं स्वच्छतागृह वापरू देण्याची विनंती पोचते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं २००५ मध्ये तसा कायदाच केला. त्यामागे एका दुकानानं स्वच्छतागृह नाकारलेली, क्रोन्स असलेली एक शाळकरी मुलगी होती. मुंबईत बायकांसाठीच्या स्वच्छतागृहांवरून २०११ पासून ‘राइट टू पी’ची चळवळ चालली आहे, आयबीडी असलेल्या बाईला या दोन्ही अडचणी एकत्रच भोगाव्या लागतात. अपंग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार मोजलेत, थॅलेसिमिया आणि सिकलसेल त्यात आहेत, आयबीडी नाही. तेव्हा पिशवीत जादा कपडे, ओले वाइप्स, प्लास्टिकची पिशवी आणि पाण्याची बाटली, हा सरंजाम प्रत्येकानं आपापला बाळगायचा. ऑफिसात एका तरी माणसाला, शक्यतो वरिष्ठाला, आजाराचं नाव सांगून ठेवलं तर मीटिंगमधून उठताना दर वेळी नवी सबब शोधावी लागत नाही.

सांगायचं की लपवायचं हा प्रश्न लग्नाच्या वेळी टोकाला जातो. मुलीकडचे लपवतात, मग सासरी गोळ्या लपवून घ्याव्या लागतात, मग त्या चुकतात. रेमिशनमध्ये असताना गर्भधारणा झाली तर बहुतेकींचं बाळंतपण सुखरूप होतं, आणि आयबीडीची बहुतेक औषधं गरोदरपणात चालू ठेवता येतात. मेथोट्रेक्सेट मात्र आधीच बंद करावं लागतं, टोफासिटिनिबही टाळतात. म्हणून दिवस राहण्याच्या सहा महिने आधी डॉक्टरांशी बोलणं हवं. बाळाला बाधेल म्हणून सगळीच औषधं घरच्यांनी बंद करायला लावली आणि पाचव्या महिन्यात फ्लेअर आला, तर बाळाला बाधणारी गोष्ट तो फ्लेअर असते.

कागद, वही, कॅलप्रोटेक्टिन, हे सगळं पेशंटच्या बाजूचं. पलीकडच्या बाजूला कोण? नेदरलँड्समध्ये ९०९ रुग्णांवर मोबाइल-कॉम्प्युटरवरून आजारावर लक्ष ठेवण्याची पद्धत तपासली. रुग्ण ठराविक दिवसांनी प्रश्नांची उत्तरं भरत, उत्तर बिघडलं की नर्सला इशारा जाई आणि नर्स संपर्क साधे. २०१७ मधला निष्कर्ष असा की ओपीडीच्या फेऱ्या वर्षाला सरासरी २.३४ ऐवजी १.५५ झाल्या, भरती होण्याचं प्रमाणही निम्म्यावर आलं. अमेरिकेत मात्र ३४८ रुग्णांना ठरावीक काळानं मेसेज पाठवून लक्षणं विचारण्याचा प्रयोग झाला, त्यात आजाराची तीव्रता नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी झाली नाही. भरती होणं कमी झालं, पण फोन वाढले. हे फोन वाढणं मला अपयश वाटत नाही. पेशंट फोन करतो आहे म्हणजे अंगावर काढत नाही.

आपल्याकडे पोटाचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले, आणि त्यांच्या ओपीडीत बसायला जागा नाही. पण २५ मार्च २०२० ला, लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यानंतर डॉक्टरांनी जुन्या पेशंटला फोनवर सल्ला देणं आणि चिठ्ठी पाठवणं हे कायद्याच्या चौकटीत स्पष्टपणे बसतं. परभणीच्या पेशंटला रक्ताचा तार दिसला म्हणून पुण्याला येण्याची गरज नाही. रिपोर्टचा फोटो आणि पाच मिनिटांचा कॉल बहुतेक वेळा पुरतो. काही रुग्णालयांत आयबीडीच्या ओपीडीचा वेगळा वार असतो, पेशंटचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतात. त्या ग्रुपवर एनिमा टिकवण्याच्या युक्त्या मिळतात, कुठल्या मॉलचा संडास स्वच्छ हे कळतं, रात्री दोन वाजता जागं असलेलं दुसरं कुणी भेटतं. तिथेच एकाची मात्रा दुसरा उतरवून घेतो, तेवढं टाळावं. दुसऱ्याचा कागद दुसऱ्याच्या आतड्यासाठी लिहिलेला असतो.

पुढच्या फॉलो-अपला पाच मिनिटंच मिळणार आहेत हे धरून चालावं, आणि घरून लिहून न्यावं. मला रक्त दिसलं तर तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत मी नेमकं काय करू, आणि काय करू नको? कोणत्या नंबरवर, कुणाशी बोलू? स्टेरॉइड सुरू असेल तर ते कोणत्या तारखेला संपतं? लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व शेवटचं कधी तपासलं? कोणत्या लसी घ्यायच्या राहिल्या, आणि या औषधांवर असताना कोणत्या जिवंत लसी चालत नाहीत? आजाराला आठ वर्षं झाली असतील आणि मोठं आतडं बऱ्यापैकी बाधित असेल, तर कॅन्सरसाठीची कोलोनोस्कोपी कधी? उत्तरं केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर डॉक्टरांच्याच हातून लिहून घ्यावीत, खाली तारीख घालावी, आणि बाहेर पडताच मोबाइलवर फोटो काढून घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवावा.